वायसरच्या भोकातलं मडकं

चहा खाली ठेवा आधी. खरंच सांगतो, ठेवा. मागच्या खेपेला हे सांगताना आमच्या एका पावण्याच्या नाकातून चहा आला आणि पांढरंशुभ्र धोतर गेलं कामातून. माझ्या फजितीपायी आणखी कुणाचं कापड खराब व्हायला नको.

ठेवला? हां. तर आमच्याकडे एक ठासणीची बंदूक आहे.

दचकू नका! लायसनची आहे. आमचा मळा अवसरी खुर्दच्या जरा पुढं. भुईमुगात रानडुकरं शिरतात म्हणून वडिलांनी पीक राखायला लायसन काढलं होतं, ते गेल्यावर बंदूक माझ्याकडे आली. शिकार-बिकार काही नाही बरं का, ते नावच काढू नका. बार हवेत काढायचा, डुकरं पळवायची, एवढंच तिचं काम.

मग तुम्ही म्हणाल, बार हवेतच काढायचा तर नेम कशाला लागतो? आमची मंडळी, मंदा, अगदी हेच म्हणते. पण आमच्या घरात एक रीत आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते ना? विळे, कोयते, फवारणीचा पंप, सगळ्यांना झेंडूची माळ. ते झालं की बंदुकीत वर्षातली एकुलती एक गोळी भरायची आणि बांधावरच्या जांभळाला टांगलेलं जुनं मडकं चाळीस पावलांवरून फोडायचं.

वडिलांनी एकदाही चुकवलं नाही. शेवटच्या वर्षी त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी मडकं फोडलं. ते नुसतं 'हां' म्हणाले. त्या एका 'हां'वर मी वीस वर्षं छाती काढून फिरलो. आजही ती बंदूक हातात घेतली की वडील शेजारी उभे आहेत असं वाटतं मला. हसण्यावारी नेऊ नका, हे खरं आहे.

आणि अशा माणसाचं मडकं दोन वर्षं सलग चुकलं!

पहिल्या वर्षी मी वाऱ्यावर ढकललं. दुसऱ्या वर्षी कावळ्यावर. माझा धाकटा भाऊ, नाना, शेजारीच राहतो. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, कावळा कुठं व्हता?"

"उडून गेला!"

"बार व्हायच्या आधी का नंतर?"

डोकं तापलं माझं. चारचौघांत ओरडलो, "पुढच्या खंडेनवमीला मडकं नाय फुटलं ना, तर लायसन तुझ्या नावावर! बंदूक तुझी!"

नानानं मागितली होती का? नाही. कुणी मला विचारलं होतं का? नाही. पण तोंड म्हणजे काय, मोटरीचं बटण आहे का बंद करायला?

तर वर्ष सरत आलं आणि पंधरा दिवस आधी मी गुपचूप बंदूक खांद्याला लावून पाहिली. नळीच्या टोकाला मुगाएवढा पितळी दाणा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. अलीकडे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाचेत माशी बसवायची, माशीवर मडकं बसवायचं, की झाला नेम. साधं आहे. फक्त मला खाच दिसेना, माशी दिसेना, आणि मडकं म्हणाल तर जांभळाला पोतं टांगल्यासारखं काहीतरी होतं.

जवळचा चष्मा लावला. खाच दिसली, मडकं गायब. लांबचा लावला. मडकं आलं, खाच गायब. माशी दोन्हीत नाही! मग मुलानं पुण्याहून करून दिलेला दुहेरी काचांचा चष्मा काढला. खालच्या काचेतून खाच, वरच्या काचेतून मडकं. मान खाली, मान वर, मान खाली, मान वर.

मंदा ओट्यावर भुईमूग निवडत होती. म्हणाली, "अहो, त्या मडक्याला किती वेळा हो म्हणताय?"

सुनेची नेलपॉलिश होती लाल, ती घेतली आणि माशीला फासली. आधी माशी दिसत नव्हती, आता लाल रंगाची माशी दिसत नव्हती. शेवटी ठरवलं, मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. लायसन आहे म्हणून काय बंदूक खांद्यावर टाकून दवाखान्यात जाता येतं होय? पण बंदुकीच्या मापाचं काहीतरी न्यायला हवं, नाहीतर बाईंना अंतर कळणार कसं?

इथं माझं डोकं चाललं. आणि माझं डोकं चाललं की समजा, काहीतरी बिघडणार.

ठिबकच्या कामातला अर्धा इंची पांढरा पाइप पडला होता. तो बंदुकीच्या लांबीचा बरोबर कापला. अलीकडे कानशीनं खाच पाडली. पलीकडच्या टोकाला नेलपॉलिश फासली, वीतभर. थोडी जास्तच फासली गेली, बाटली सांडली. आता डोळ्यांसमोर आणा पाहू: पांढरीफेक लांब काठी, टोक लाल. कुणाच्या हातात असते अशी काठी?

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

निघालो तर वाटेत नाना. "पाइप कुठं चाललाय, आप्पा?"

"कपलिंग आणायला." नानाला कळता कामा नव्हतं की आप्पाची नजर उतरली. कळलं की बंदूक गेली!

दवाखान्यात माझा नंबर आला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मी पाइप खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि तक्त्यावर नेम धरला. कंपाउंडर टेबलाखाली वाकला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हे काय चाललंय?"

"मॅडम, मला वाचायचं नाय. मला हे लाल टोक आन् त्यो तक्ता, दोन्ही एकदम दिसाय पायजेत."

"कशासाठी?"

"मडकं फोडायला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. बाई भल्या. हसू दाबून म्हणाल्या, "या वयात डोळा एका वेळी एकच अंतर धरतो, बाबा. चष्मा काही केला तरी दोन्ही देणार नाही. थांबा." आणि त्यांनी डोळ्यासमोर एक काळी चकती धरली. मधे सुईएवढं भोक.

अहो, काय सांगू! त्या भोकातून लाल टोक लख्ख! तक्ता लख्ख! तक्त्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेसुद्धा वाचलं मी!

"मॅडम, हीच द्या!"

"ही तपासायची असते, घालून फिरायची नसते. पण कुठलंही बारीक भोक चालेल, युक्ती तीच आहे."

झालं! माझ्या डोक्यात फवारणीच्या पंपाचं वायसर चमकलं, मधे बारीक भोक असलेली ती चकती. बंदुकीच्या खाचेवर वायसर बसवायचं, भोकातून बघायचं, मडकं फोडायचं. मी उठलोच. बाई म्हणाल्या, "बसा, मोतीबिंदू आहे का पाहते," आणि डोळ्यांत थेंब टाकले. मोतीबिंदू नुकताच धरतोय, घाई नाही म्हणाल्या. पण त्या थेंबांनी डोळे असे फाकले की बाहेरचं ऊन म्हणजे डोळ्यांत चुना! कंपाउंडरनं काळा चष्मा दिला. तीन-चार तास धूसर दिसेल, म्हणाला.

आता बघा हां. हायवेच्या कडेला एक म्हातारा. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पांढरी काठी, लाल टोकाची. समोरून काय येतंय ते दिसत नाही म्हणून काठी पुढं करून चाचपडतोय.

एका मावशीनं माझा हात धरला. "या बाबा, मी सोडते पल्याड." तिनं हात वर केला तशी पुणे-नाशिक रस्त्यावरची गाडी न् गाडी थांबली! जन्मात माझ्यासाठी कुणी सायकल थांबवली नव्हती. मी पण मान हलवत, आभार मानत निघालो ऐटीत.

आणि पलीकडे उभे कोण? गेनूभाऊ! माझे व्याही. लेक आळ्याला दिलीय आमची, तिचे सासरे. टोमॅटोच्या टेम्पोपाशी चहा पीत उभे होते. ग्लास हातातून पडलेला मी ऐकला.

"पावणं! ह्ये कधी झालं वो?"

"काय नाय, गेनूभाऊ, औषध घातलंय. चार तासांत येतं दिसायला."

"येणार, येणार! देव हाये!" गेनूभाऊंनी माझा हात घट्ट धरला. "आन् लेकीला बी कळवलं न्हाई तुमी?"

आता खरं सांगायचं तर बंदूक आली, मडकं आलं, आणि गेनूभाऊंच्या पोटात काही राहत नाही. ते नानाला फोन करणार! म्हणून "कुणाला बोलू नका," एवढंच म्हणालो. हे वाक्य म्हणजे माझी दुसरी अक्कल. माणूस कुणाला बोलू नका म्हणाला, म्हणजे प्रकरण मोठंच असणार की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिली केळी आली.

दुपारपर्यंत पाच डझन केळी, नऊ बिस्किटांचे पुडे आणि तीन शहाळी. पेठ गावाहून मंदाची बहीण आली ती दारातूनच रडत. माणसं माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागली! डोळे गेल्याची बातमी, आणि ओरडताहेत कानात! एकानं चेहऱ्यासमोर हात धरला. "आप्पा, किती बोटं?"

"तीन! आन् मधल्याचं नख काप!"

तो मागे वळून मंदाला हळूच म्हणाला, "अंदाजानं सांगत्यात बिचारे."

मंदा वैतागली. "अहो, खरं काय ते सांगून टाका एकदाचं. केळी पिकून चालली." पण सांगू कसं? खरं सांगितलं तर नाना म्हणणार, नजर उतरली. नाही सांगितलं तर नाना म्हणणार, नजर गेली. दोन्हीकडून बंदूक त्याचीच.

संध्याकाळी नाना आला. शेजारी बसला. एक केळं सोलून माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाला, "आप्पा, कपलिंग आणाय चाललोय, म्हनलास मला. मी काय परका व्हतो?" डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या. मला इतकी लाज वाटली! आणि लाज वाटली की मी काय करतो? छाती काढतो.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? खंडेनवमीला या सगळे! मडकं फोडून दावतो!"

आले की! नुसते घरचे असते तर निभावलं असतं. गेनूभाऊंनी आळ्याहून जीप भरून माणसं आणली. आंधळा माणूस बंदूक चालवणार म्हटल्यावर कोण घरी थांबेल? सगळे पाठीमागच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसले, शक्य तेवढे लांब.

मी मात्र मजेत होतो. आठ दिवस कोठीत बसून मी ते वायसर बसवलं होतं, तांब्याच्या तारेनं घट्ट. भोकातून पाहिलं की माशी आणि पलीकडचं जांभूळ, दोन्ही आरशासारखं. आतून मला उकळ्या फुटत होत्या. थांबा म्हटलं लेकांनो, आज एकेकाची केळी परत करतो!

पूजा झाली. मंदानं बंदुकीला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मी दारू ओतली, चिंधी घातली, शिशाची गोळी सोडली आणि लोखंडी गजानं ठासायला लागलो. ठासणीच्या बंदुकीचं सगळं काम त्या गजावर. चार फुटी सरळ गज, नळीत घालायचा, ठासायचं, काढायचा आणि नळीखालच्या कड्यांत ठेवून द्यायचा.

दोनदा ठासलं, तिसऱ्यांदा ठासलं, आणि सहज वायसरमधून बघितलं. अंधार! ठार अंधार! मंदानं हळदकुंकू वाहिलं होतं ना? ते नेमकं वायसरच्या भोकात! चिकटून बसलेलं.

"मंदे! अगं इथं कशाला कुंकू?"

"पूजा हाये का नाय? सगळीकडं वाहायचं असतं!"

घाईघाईनं बाभळीचा काटा आणला, भोक कोरलं, फुंकर मारली. बघितलं. माशी लख्ख, मडकं लख्ख! जीव भांड्यात पडला. बंदुकीला केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, लावली, घोडा ओढला, बंदूक खांद्याला.

काही राहिलं का? तुम्हाला आठवतंय ना? मला नाही आठवलं.

बरं, वायसरची गंमत अशी की भोकातून फक्त दोनच गोष्टी दिसतात, माशी आणि मडकं. माशीच्या खाली काय आहे, नळीच्या तोंडातून काय बाहेर डोकावतंय, ते सगळं नळीआड. जग म्हणजे एक मडकं! मी श्वास रोखला.

मागून नाना ओरडला, "आप्पा! थांब! गज! गज!"

माझ्या मनात काय आलं असेल? आलं ना! शेवटच्या क्षणी नेम बिघडवायला बघतोय. लहानपणी विटीदांडूत असाच ओरडायचा.

"गप बस, नान्या!" म्हणालो आणि घोडा सोडला.

धडाम!

अशी धडक खांद्याला कधी बसली नव्हती. मी मागच्या झेंडूच्या पाटीत. नळी फाटली नाही हे वडिलांचं पुण्य. सगळीकडे धूर. ओट्यावर कुणीतरी किंचाळलं, केळी गडगडली. धुरातून एक लांबलचक 'हुंऽऽऽ' असा आवाज जांभळावरून पार पलीकडे गेला आणि थांबला.

धूर विरला. मडकं झुलत होतं. शाबूत.

नाना जवळ आला. मला उठवलं, कुठं लागलं का पाहिलं, मग हळूच विचारलं, "आप्पा, गज कुठाय?"

मी नळीखाली हात घातला. कडी मोकळी.

"म्या ओरडलो व्हतो," नाना म्हणाला.

मी गेनूभाऊंकडे वळलो. "तुमाला बी दिसला व्हता का?"

"दिसला की. चांगला हातभर भाहेर व्हता. आमाला वाटलं, आंधळ्या मानसासाठी नवीन सिस्टीम असंल."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, कुणीतरी हसावं. नानाकडे बघितलं. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "ऱ्हाऊ दे आप्पा. मडक्याचं सोड. गज आपल्याच रानात पडलाय. तू जा, तुझ्या नजरंनं हुडकून आण. सापडला तर बंदूक तुझी. मी परत नाव काढनार न्हाई."

बघा, भाऊ असावा तर असा. मी उड्या मारतच गेलो! जांभळापलीकडे आमचं टोमॅटोचं रान, पीक निघालेलं, बांधायला रोवलेल्या काठ्या इथं-तिथं उभ्या. चार फुटी लोखंडी गज, तो काय लपणार? सरी न् सरी धरली. वाकून पाहिलं, बसून पाहिलं. बांधाच्या कडेनं पाहिलं. विळ्यानं गवत कापून पाहिलं. बाभळीखाली तर रांगत गेलो. एक तास झाला. ऊन रणरणलं, घाम डोळ्यांत. टोपी काढली, जवळच्या काठीला अडकवली आणि परत पहिल्या सरीपासून सुरुवात केली.

बांधावर सगळी मंडळी येऊन उभी होती. ओळीनं. गेनूभाऊंनी उपरणं तोंडावर धरलं होतं. मंदाच्या बहिणीनं पदर. मला भरून आलं. म्हटलं, बघा, आपल्यासाठी किती जीव तुटतोय माणसांचा!

दुसरा तास संपत आला. नानानं एकदा तोंड उघडलं आणि मंदानं त्याला कोपर मारलेलं मी पाहिलं. लांबचा चष्मा लावला होता ना!

शेवटी मंदाच ओरडली. पण कसं? मायेनं हो, अगदी मायेनं.

"अहोऽऽ! ऊन लागंल! टोपी घाला की डोस्क्यात!"

बरोबर आहे म्हटलं. वळलो. टोपी अडकवलेल्या काठीपाशी गेलो, टोपी उचलायला काठी धरली.

काठी लोखंडाची होती.

बांधावर जे काही झालं ते मी सांगत नाही. आळ्याची माणसं अक्षरशः सरीत लोळली. पाच डझन केळ्यांचा हिशोब त्या दिवशी मिटला. मीच आधी हसायला लागलो, खरं तर. टोपी हातात धरून हसत होतो, आणि हसता हसता वडिलांची आठवण आली. ते असते तर नुसतं 'हां' म्हणाले असते. पण वेगळ्या आवाजात.

लायसन नानाच्या नावावर करायला टाकलं. मी स्वतः सही केली, कुणी जबरदस्ती केली नाही. नानानं लोहाराकडून नवा गज करून घेतला. ठासताना मला शेजारी उभं करतो आणि बार काढायच्या आधी मी विचारायचं, "नाना, गज काढला का?" मान आहे माझा तेवढा.

जुना गज जरा वाकला होता. तो नानानं सोप्याच्या भिंतीत ठोकून दिला, माझ्या टोपीला खुंटी म्हणून. म्हणाला, "आप्पा, टोपी कुठं अडकवायची ते तुला बिनचष्म्याचं घावतं."

आणि खोटं कशाला बोलू, घावतं.